समाध्यांच्या जागेत बाग: अठरा आर जमिनीचं एक प्रकरण

पहिल्याच पावसात समाध्यांच्या ओट्यांच्या खालच्या तीन विटा दिसेनाशा झाल्या. विटा खचल्या नव्हत्या, मुरमाखाली गाडल्या गेल्या होत्या. बागेसाठी जमीन 'एका लेव्हलला' आणायची म्हणून सुमारे ६०० चौरस मीटरवर २५ सेंटीमीटर मुरूम पडला होता. म्हणजे १५० घनमीटर, पन्नासेक ब्रास. निधी आला होता, ट्रॅक्टर गावातलेच होते आणि कुणाचाही हेतू वाईट नव्हता. अशा जागांचं नुकसान बहुतेक वेळा असंच होतं. शंभर वर्षं दुर्लक्ष झालं तरी जे टिकून राहतं, ते सुशोभीकरणाच्या एका महिन्यात जातं.

हे नाव-गाव असलेल्या एखाद्या ठिकाणाचं प्रकरण नाही. वर्धा-नागपूरच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात अशा जागांवर जे नेहमी घडतं, ते एका गावावर बसवून मांडलं आहे. मापं आणि पद्धती मात्र जशाच्या तशा वापरता येतील.

जागा कशी आहे

गावठाणातून पांदणीने पाचेक मिनिटं चाललं की एका बाजूला नाला आणि दुसऱ्या बाजूला कपाशीच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध. मधे अठरा आरचा तुकडा. त्यात घरबारी (संसारी) गोसावी कुटुंबाच्या अकरा समाध्या आहेत. एकीवर चार खांबांची घुमटीची छत्री आहे, चार विटांच्या ओट्यांवर पिंड आणि नंदी आहेत, सहा नुसत्या बुटक्या दगडी चौथऱ्यांच्या आहेत. भोसल्यांच्या काळात नागपूर भागातल्या गोसाव्यांच्या हाती मोठी सावकारी होती आणि पुढे काहींकडे गावांची मालगुजारीही (सारा वसुलीसह गावाची जमीनदारी) आली. मालगुजारी संपवणारा मध्य प्रदेशचा कायदा १९५० चा, अंमल मार्च १९५१ अखेरचा. गाव गेलं तरी समाध्यांची जागा घराण्याच्या नावावर राहिली. आज सहा वारसदार कागदावर आहेत आणि गावात राहणारं घर एकच.

दशनामी गोसाव्यांत देह जाळत नाहीत. बसलेल्या स्थितीत, मीठ घालून समाधी देतात. बाग आखणाऱ्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे. एकतर खड्डा आडवा नसून उभा असतो, त्यामुळे खूण हरवलेली समाधी ओळखायची रीत बदलते. दुसरं, ओट्याला चढणाऱ्या लोण्याला (विटांवर फुटणाऱ्या क्षाराला) मातीतलं हे मीठही कारण असू शकतं.

गावाचंही या जागेशी नातं आहे, फक्त ते कागदावर नाही. महाशिवरात्रीला पिंडींवर पाणी पडतं, दिवे लागतात. एका दगडावर शेंदराचा बोटभर थर आहे. हिवाळ्यात बाया ओट्यावर मिरच्या वाळवतात. "बाबाजीच्या ओट्यावर मिरच्या टाकल्या तं काय बिघडते?" या प्रश्नाला खरं उत्तर 'काही नाही' हेच आहे. संध्याकाळी फुटणाऱ्या बाटल्यांचं तसं नाही, आणि बाग करायची मूळ मागणी त्यातूनच आली.

कागद

ग्रामपंचायतीने गावातल्या एका भावाकडून पाचशेच्या मुद्रांकावर 'आमची हरकत नाही' असं लिहून घेतलं आणि काम सुरू केलं. सहहिस्सेदारांच्या जमिनीत एकाच्या सहीवर उरलेल्या पाच जणांचा हक्क हलत नाही. मुरूम पडल्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरले, दोन वारसदारांचा लेखी आक्षेप आला आणि काम थांबलं. पुढे पाहता हे बरंच झालं.

खरा क्रम असा असायला हवा होता. सातबारा, फेरफार आणि १९५४-५५ चा अधिकार अभिलेख काढायचा. विदर्भात हा अभिलेख फार कामाचा, कारण मालगुजारी गेल्यानंतर लगेचची स्थिती त्यात दिसते. मग निस्तार पत्रक पाहायचं. ते फक्त विदर्भातच असतं आणि गावाने कुठली जमीन स्मशान, दफन, चराई, वाट यांसाठी वापरायची हे त्यात लिहिलेलं असतं. इथे निस्तार पत्रकात ही जागा नव्हती, सातबाऱ्यावर ०.०६ हेक्टर पोटखराबा 'ब' होता. सार्वजनिक कामाची किंवा दफन-दहनाची जमीन याच वर्गात धरतात आणि तिला आकारणी नसते. म्हणजे जमीन खासगी, पण दफनाचा वापर महसूल दप्तराला माहीत. जागा सरकारी निघाली असती तर वाट वेगळी होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी जमीन दफनभूमीसाठी किंवा बागेसाठी नेमून देऊ शकतात.

सहापैकी एक वारस वारलेले होते आणि त्यांच्या मुलांची नोंदच झाली नव्हती. ती झाल्याशिवाय पुढचा कुठलाही दस्त अर्धवट ठरतो, म्हणून आधी वारस नोंद, मग भूमी अभिलेखकडून मोजणी. दानपत्राने अर्धी जागा गावाला द्यावी अशी एक सूचना होती, पण एवढ्याशा जमिनीचा तुकडा पाडायला गेलं की १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. शेवटी मालकी कुटुंबाकडेच ठेवून अख्ख्या जागेचा वापर-करार ठरला. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, त्यामुळे तो निबंधकाकडे नोंदवला आणि ग्रामसभेचा ठराव त्याला जोडला. करारात पूजेचा हक्क, वाटेचा हक्क आणि 'समाध्यांच्या हद्दीत खोदकाम नाही' ही तीन कलमं आली. ठरावातली 'सुशोभीकरण' ही संज्ञा खोडून 'जतन व मर्यादित बाग' असं लिहिलं. कंत्राटदार अंदाजपत्रक वाचतो तसा ठरावही वाचतो, म्हणून हा शब्द बदलणं गरजेचं होतं.

जागा संरक्षित स्मारकांच्या यादीत नव्हती. चंद्रपूरच्या गोंड राजांच्या समाध्यांसारखं केंद्रीय संरक्षित स्मारक जवळ असतं, तर शंभर मीटरच्या आत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण आलं असतं. इथे तसा धाक नव्हता. काय करायचं नाही, हे गावालाच ठरवायचं होतं.

मुरूम परत काढणं

समाध्यांच्या भोवतीच्या ३०० चौरस मीटरवर जेसीबी आणायचा नाही असं ठरलं. बादलीचा दात ओट्याच्या कोपऱ्याला एकदा लागला की जुनी वीट परत मिळत नाही, आणि यंत्राच्या वजनाने खालच्या पोकळ जागा बसतात. ७५ घनमीटर मुरूम हाताने भरून घमेल्याने बाहेर टाकायचा, एका मजुराला दिवसाला दीड-दोन घनमीटर, म्हणजे चाळीस ते पन्नास मजूरदिवस. उरलेल्या भागात यंत्र चाललं, पण पांदणीच्या बाजूनेच.

मूळ पातळी कुठे थांबते हे ओटाच सांगतो. विटांच्या ओट्याला खाली एक थर बोटभर बाहेर काढलेला असतो. त्याच्या खालची वीट ओबडधोबड आणि गिलावा नसलेली असते, कारण ती मुळात मातीत होती. बाहेर काढलेल्या थराच्या तळाला जमीन आणायची, त्याखाली जायचं नाही. काळ्या मातीवर मुरूम पडलेला असल्याने रंगाचा फरकही दिसतो. काळं लागलं की फावडं थांबवायचं.

त्यानंतर पाण्याचा बंदोबस्त. प्रत्येक ओट्यापासून पहिल्या दोन मीटरमध्ये ५० ला १ एवढा उतार बाहेरच्या दिशेने दिला, म्हणजे दोन मीटरला चार सेंटीमीटर. तो माती खणून नव्हे, ओट्याच्या बाजूला माती किंचित ओढून घेऊन दिला. तीन मीटर अंतरावर ६० सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल अशी उथळ चर काढून ती हरळीने झाकली आणि नाल्याकडे सोडली. सिमेंटची नाली केली असती तर तिचा पाया खणावा लागला असता आणि पहिल्या उन्हाळ्यात काळ्या मातीने ती फोडली असती.

मोजणी आणि हरवलेल्या खुणा

अकरा समाध्या उभ्या दिसतात, पण जागेत तेवढीच दफनं असतील असं धरू नये. लहान मुलांना बऱ्याचदा नुसता दगड ठेवून पुरलेलं असतं. दसऱ्यानंतर तरोटा आणि गाजर गवत विळ्याने कापून पाच मीटरच्या चौकटी दोरीने पाडल्या आणि सकाळच्या तिरप्या उन्हात जमीन पाहिली. बसवून दिलेल्या समाधीचा खळगा वाटोळा असतो, साधारण मीटरभराचा. मुलांची जागा लांबट आणि लहान. उकरलेल्या मातीत ओल जास्त टिकते, त्यामुळे पाऊस संपल्यावर पंधरा-वीस दिवस तिथलं गवत शेजारच्यापेक्षा हिरवं राहतं. या खुणांवरून सात संशयित जागा नकाशावर आल्या. जमिनीतून रडार फिरवण्याची सूचना आली होती, पण चिकणमातीत त्याच्या लहरी फार आत जात नाहीत आणि काळी माती म्हणजे चिकणमातीच. तो खर्च टाळला. सळई खुपसून पाहणंही टाळलं. संशय आहे तेवढ्याने काम भागतं, कारण तिथे काही करायचंच नाही.

हाडं लागली तर काम तिथेच थांबवून स्वच्छ कापडाने झाकायची आणि पोलीस पाटील व तहसीलदारांना कळवायचं, हे मजुरांना आधीच सांगितलं. दफनाच्या जागेची जाणूनबुजून विटंबना हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. नाणी किंवा दागिना निघाला तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो आणि दहा रुपयांवरच्या किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. दहा रुपयांची ती मर्यादा आजही तशीच आहे! जमिनीखाली काय असेल याचा अंदाज बांधता येत नाही. सिंदखेडराजाला लखुजी जाधवरावांच्या समाधीच्या परिसरात २०२४ मध्ये जतनाचं काम चालू असतानाच मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली.

एका दगडावरचं साल

छत्रीच्या पायरीवर चार ओळींचा बाळबोध लेख आहे. पहिली ओळ झिजलेली, साल 'शके १७_०', तिसरा आकडा गेलेला. पुढे संवत्सराचं (साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं) नाव मात्र स्पष्ट आहे: कालयुक्त.

लेख वाचायला खडू, तेल, पीठ काही लावू नये. रात्री टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून, आडव्या उजेडात डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असे चार फोटो काढायचे, चौकटीत ३० सेंटीमीटरची पट्टी ठेवायची. झिजलेली खोदाई अशा सावलीत उठून येते.

आता गणित. शकात १२ मिळवून ६० ने भागलं की बाकी हा संवत्सराचा क्रमांक. कालयुक्त बावन्नावा. १७०० पासून १७९० पर्यंत दहा-दहाने पाहिलं तर बाकी ५२ दोनदाच येते, शके १७२० आणि शके १७८०. म्हणजे १७९८-९९ किंवा १८५८-५९. एक भोसल्यांच्या राजवटीतलं, दुसरं १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झाल्यानंतरचं. दोन्हींत साठ वर्षांचा फरक आणि झिजलेला २ व झिजलेला ८ यांत फरक जेमतेम एका वळणाचा. महिना फाल्गुन असता तर इसवी सनाचं वर्षही पुढे सरकलं असतं, कारण जानेवारी ते मार्चमध्ये ७८ ऐवजी ७९ मिळवायचे असतात. लेखात श्रावण आहे, त्यामुळे तो घोळ नाही.

कुटुंबाच्या वंशावळीत लेखातल्या नावाचे आजोबा आणि नातू दोघेही आहेत. फलकावर दोन्ही सालं 'किंवा' घालून लिहिली. एक निवडून मोकळं व्हावं असा आग्रह झाला, तो मान्य झाला नाही, आणि ते बरोबरच होतं.

पिंपळ

घुमटीच्या भेगेत मनगटाएवढा पिंपळ उगवला होता. ओढून काढला असता तर घुमटीचा चतकोर तुकडा सोबत आला असता, कारण मुळांनी विटा पकडून ठेवलेल्या असतात. आणि पिंपळाला कुऱ्हाड लावायला गावात कोणी तयार नव्हतं. मधला मार्ग असा निघाला: वरच्या एका कोवळ्या फांदीला गुटी (साल काढून ओल्या मातीचं वेटोळं) बांधून मुळं फुटेपर्यंत ठेवली आणि नाल्याच्या काठाला, छत्रीपासून वीस मीटरवर लावली. झाड हललं, मेलं नाही, म्हटल्यावर करवतीला हरकत उरली नाही. घुमटीवर पंधरा सेंटीमीटर बुंधा ठेवून तोडलं आणि येणारा प्रत्येक फुटवा पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खुडला. ग्लायफोसेट लावायचं डोक्यात असेल तर लक्षात ठेवावं, २०२२ मध्ये केंद्राने त्याचा वापर कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांपुरता ठेवण्याचा आदेश काढला होता. खुडण्याने काम होतं, फक्त दोन पावसाळे लागतात. मूळ वाळून आपोआप सैल झालं की काढायचं आणि पोकळीत पातळ चुना ओतायचा. उंबर आणि वडाचं रोप पेन्सिलीएवढं असतानाच बोटांनी निघतं. वर्षातून एकदा घुमटीवर नजर टाकली असती, तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

चुना

आधीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत दोन ओट्यांच्या दर्जा (विटांमधल्या सांधी) सिमेंटने भरल्या होत्या. सिमेंट घट्ट. ओल त्यातून बाहेर पडत नाही, ती मऊ विटेतून वाट काढते आणि सोबत आलेलं मीठ विटेच्या तोंडाशी वाळून फुगतं. परिणामी सिमेंटची जाळी शाबूत आणि मधल्या विटा भुगा होऊन खोल गेलेल्या. सिमेंट जिथे हातोडीच्या हलक्या ठोक्याने पोकळ वाजलं तिथेच काढलं, छिन्नीने, ग्राइंडर न वापरता. घट्ट बसलेलं तसंच ठेवलं. ते काढताना विटेची कड जाते आणि मिळत काहीच नाही.

नवीन मसाला: १ भाग मुरलेला चुना, १ भाग सुरखी (विटांचा चुरा), २ भाग धुतलेली रेती. चुना टाकीत भिजवून, गाळून, पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरवायचा. तीन महिने मिळाले तर उत्तम. सुरखी कमी भाजलेल्या विटांची, पिठासारखी बारीक नाही, थोडी रवाळ. आधी मागच्या बाजूला एक हात लांब-रुंद नमुना भरून महिनाभर पाहिला. पहिला नमुना तडकला, कारण गवंड्याने सवयीने पाणी जास्त घेतलं होतं आणि वरून थापीने घोटून गुळगुळीत केलं होतं. दर्जा निदान अडीच सेंटीमीटर खोल मोकळी करून, आतली धूळ काढून, ओली करून दोन थरांत भरायची. वरून गोणपाट दहा ते चौदा दिवस ओलं. काम डिसेंबर-जानेवारीतच. मे महिन्यातल्या उन्हात चुना धरण्याआधी वाळतो.

किती लागतं? दीड मीटर बाजूचा आणि पाऊण मीटर उंच ओटा म्हणजे साडेचार चौरस मीटर तोंड. पातळ जुन्या विटांत दर्जांचा वाटा साधारण पाव. अडीच सेंटीमीटर खोलीने सुमारे २८ लिटर, सांडलवंड धरून ३५. चार ओट्यांना दीडशे लिटरच्या आत. लोकांना वाटतं त्यापेक्षा हे फार थोडं आहे, म्हणून चुना परवडत नाही हे कारण टिकत नाही.

दगडी चौथरे फक्त पाणी आणि मऊ नायलॉन ब्रशने धुतले. ॲसिड, तारेचा ब्रश, ऑइलपेंट, तिन्ही नाही. शेंदराला हात लावला नाही.

मग बाग कुठे

समाध्यांचे ३०० चौरस मीटर आणि सात संशयित जागा वगळून जे उरलं तिथे. गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवायचे नव्हते, कारण त्यासाठी वीसेक सेंटीमीटर खणावं लागतं. वाट १.२ मीटर रुंद, जमिनीच्या वरच दहा सेंटीमीटर मुरूम दाबून, कडेला सुटे दगड. काढलेलाच मुरूम इथे परत वापरला, निदान तेवढा तरी कारणी लागला.

हिरवळीचा मोह सगळ्यांनाच होतो. काळ्या मातीवर ओट्याच्या शेजारी रोज पाणी दिलं की एक बाजू फुगलेली आणि दुसरी कोरडी राहते आणि ओटा कलतो. म्हणून तीन मीटरच्या आत पाण्याची नळी नाही. जे आपोआप उगवतं तेच कापून ठेवायचं, आणि दगडापासून एक वीत अंतरात विळ्यानेच, ब्रशकटरची दोरी कोरीव नंदीचं नाक घालवते. चाफा, तगर, कण्हेर पाच मीटरवर. कडुनिंब, बेल, कवठ पंधरा मीटरच्या पुढे, धुऱ्याकडे. शेळ्या आत येऊ नयेत म्हणून अडुळशाचं कुंपण, त्याला त्या तोंड लावत नाहीत. झोपाळा-घसरगुंडी आणि सौर दिव्याचा खांब पांदणीच्या टोकाला, खड्डा खणायची परवानगी तिथेच होती. महाशिवरात्रीच्या दिव्यांसाठी लोखंडी दिवठाणी केली, नाहीतर तेल दगडात मुरतं. मिरच्यांसाठी वाटेच्या कडेला वेगळा ओटा बांधून दिला. जुन्या ओट्यावरच्या मिरच्या पहिल्या वर्षी थांबल्या नाहीत, दुसऱ्या वर्षी बऱ्याच कमी झाल्या.

छत्री नाल्याकडे कललेली आहे. ती सरळ करायचा प्रयत्न केला नाही. खांबांवरच्या तीन भेगांच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून अंतर मिलिमीटरमध्ये लिहायचं, वर्षातून दोनदा, मे अखेर आणि डिसेंबरात. काळी माती फुगते-आटते तशी भेग उघडझाप करते, त्यामुळे मे ची नोंद मे शीच ताडून पाहायची. दोन मे मध्ये फरक वाढताच राहिला तर मात्र छत्रीला आधार देऊन जाणकार अभियंत्याला बोलवायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे. वही ग्रामपंचायतीत आहे, दुसरी प्रत गावातल्या गोसावी घरात.

एक गोष्ट कराराच्या वेळी कुणाच्याच ध्यानात नव्हती. गावातल्या घरातले थोरले काका ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांना समाधी इथेच हवी आहे. जागा अजून चालती आहे, जुनी झालेली नाही, हे सगळे विसरले होते. पुरवणी करार झाला: उत्तरेच्या धुऱ्यालगत तीन मीटरची पट्टी कुटुंबासाठी राखीव, संशयित जागांपासून दूर, प्रशासनाची परवानगी प्रत्येक वेळी वेगळी. उंची ६० सेंटीमीटरच्या आत. चकचकीत ग्रॅनाइट लावायचं की नाही यावर भावाभावांत अजून एकमत नाही, ते कलम कोरंच ठेवलं आहे.